तीन नंबरचा मीटर

३ मार्च

हे बिल आमचं नाही. असूच शकत नाही.

दुपारी हॉटेलच्या चादरींचा गठ्ठा सोडत होते, तेव्हा पाकीट आलं. वाटलं जाहिरात असेल. उघडलं आणि आकडा बघून आहे तिथेच खाली बसले. सहा महिन्यांचं घरभाडं होईल एवढी रक्कम, आणि वर लिहिलंय ‘थकबाकी’. थकबाकी म्हणे! आयुष्यात कुणाचं देणं ठेवलं नाही मी. विजेचा ठरलेला हप्ता दर महिन्याला बँकेतून जातो, एकदाही चुकला नाही.

ह्यांना दाखवलं. चष्मा लावून बघितलं, चष्मा काढून बघितलं, मग म्हणाले, "असू दे, चूक झाली असेल त्यांची." ह्यांचं सगळंच असू दे. उद्या घराला आग लागली तरी म्हणतील, असू दे, थंडी तर होतीच.

चूकबिक काही नाही. कुठेतरी पाणी मुरतंय.

४ मार्च

झोप लागली नाही नीट. सकाळपासून एकच विचार — सुरुवात कुठून झाली?

सुरुवात धाकट्या भाऊजींपासून झाली. गेल्या उन्हाळ्यात आले, सोफ्यावर ऐसपैस बसले आणि म्हणाले, "वहिनी, तुम्ही अजून त्या जुन्या वीज कंपनीत? जग कुठे गेलं! नवी कंपनी घ्या, दर कमी, वर पहिल्या महिन्यात सूट." भाऊजींकडे नेहमीच काहीतरी योजना असते. मागे पाण्याच्या गाळणीची होती, त्याआधी सशांची. ह्यांनी सही केली. भावाने सांगितलं म्हटल्यावर हे कोऱ्या कागदावरही सही करतील.

मग कंपनीच्या मुलीचा फोन आला. मागच्या वर्षी किती वीज लागली, विचारलं. मी जुनी बिलं समोर धरून आकडा सांगितला. ती म्हणाली, "अरे वा, फारच कमी." मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. घरात दोन इस्त्र्या दिवसभर चालतात आणि तरी एवढंच बिल. मी कामच तसं करते. एकदा तापवायची आणि जाड चादरी आधी उरकायच्या. मग प्लग काढून उरलेल्या उष्णतेवर रुमाल नि उशांचे अभ्रे. हॉटेलचा मॅनेजरसुद्धा विचारतो, बाई तुम्हाला परवडतं कसं?

त्या आकड्यावरून त्यांनी हप्ता बांधला. आता सहा महिन्यांनी त्यांचा माणूस खाली मीटर बघून गेला आणि म्हणे तुम्ही कितीतरी पट जास्त वीज वापरलीत. हीच इस्त्री, हेच हात, ह्याच चादरी. मग वीज गेली कुठे?

५ मार्च

कंपनीला फोन. आधी गाणं ऐकवलं. मग एक मुलगी आली, ती म्हणाली थांबा, पुन्हा गाणं.

दुसरी मुलगी आली. बोलायला गोड. म्हणाली, "मॅडम, मीटरवर छापलेला लांब नंबर वाचून दाखवाल का? आमच्या नोंदी त्यावर असतात." मी म्हटलं, लांब नंबर कशाला? आमचं घर तीन नंबर, मीटरवर ठसठशीत तीन लिहिलेला. जुन्या कंपनीचा माणूस तोच तीन बघून वाचायचा आणि जायचा, कधी तक्रार नाही. "तरी पण मॅडम, तो लांब नंबर—" मला शिकवायला लागली. माझ्या मुलीच्या वयाची असेल. मी फोन ठेवून दिला.

नंतर हे म्हणाले, "वाचून दाखवला असता तर काय बिघडलं असतं?" मी चादरीची दोन टोकं ह्यांच्या हातात दिली. चादर घडी करायला दोन माणसं लागतात, भांडण असलं तरी. चार पावलं पुढे, टोकं जुळवा, मागे. बारा चादरी झाल्या.

६ मार्च

भाऊजींचा फोन बंद.

८ मार्च

भाऊजी सापडले! त्यांच्या बायकोच्या फोनवर केला. आधी हवापाण्याच्या गोष्टी, मग म्हणाले, "वहिनी, कंपनीशी माझा काय संबंध? मी आपलं सुचवलं." मी सरळ विचारलं, सुचवण्याचे किती मिळाले? हळूच म्हणाले, "एक मिक्सर दिला त्यांनी."

मिक्सरसाठी भावाला विकलं! ह्यांना सांगितलं तर म्हणतात, असू दे, त्याचा जुना बिघडला होता.

पण खरं सांगायचं तर मिक्सर घेऊन कुणी मीटर पळवू शकत नाही. भाऊजी लबाड आहेत, पण आळशी आहेत. एवढं कारस्थान त्यांना झेपायचं नाही.

९ मार्च

गाळ्याचं लिहायला हवं. तोच तर खरा घोर आहे.

कोपऱ्यावरचा किल्लीवाला धंदा बंद करून मुलाकडे जातोय. त्याचा गाळा लहान आहे, पण रस्त्यावर आहे, मोठी खिडकी आहे. महिनाअखेरपर्यंत अनामत भरली तर गाळा माझा. "वहिनी, तुमच्यासाठी थांबवून ठेवलाय," म्हणाला. पैसे जमलेत. किती वर्षं जमवतेय! घरात वाफ, भिंतींना ओल, जेवायच्या टेबलावर परक्यांच्या चादरी, ह्यांच्या रंगकामाच्या शर्टाला रंगाचा नि खळीचा वास एकदम. म्हटलं होतं, एक दिवस काम घराबाहेर जाईल आणि घर घरासारखं होईल.

बिल भरलं तर अनामत गेली. नाही भरलं तर वीज कापतील. वीज गेली तर इस्त्री गेली, मग गाळा घेऊन काय त्यात झोपू?

किल्लीवाल्याला आज बघून न बघितल्यासारखं केलं.

११ मार्च

आज शहाणपणा केला. आधीच सुचायला हवं होतं.

हे कामावर गेल्यावर घरातलं मेन खाली ओढलं. फ्रीज बंद, दिवे बंद, इस्त्री बंद, सगळं घर शांत. मग खाली गेले. जिन्याखालच्या कपाटात चार घरांचे चार मीटर ओळीने आहेत, प्रत्येकावर पांढऱ्या रंगात नंबर. ते नंबर ह्यांच्याच हातचे. आम्ही राहायला आलो त्या वर्षी ह्यांना काम नव्हतं. घरमालक म्हणाला, जिना रंगवून द्या, दोन महिन्यांचं भाडं सोडतो. ह्यांनी जिना रंगवला, कपाट रंगवलं, मीटरच्या जुन्या मळकट चिठ्ठ्या खरवडून काढल्या आणि ब्रशने सुंदर आकडे घातले. मला तेव्हा काय अभिमान वाटला होता. अजूनही कुणी आलं की दाखवते.

तर तीन नंबरसमोर उभी राहिले. घरात सुईएवढीही वीज चालू नाही. आणि मीटरमधली चकती — फिरत होती!

सावकाश, पण फिरत होती. चांगला वेळ उभी राहून बघितलं. चकतीवरची लाल खूण समोर यायची, मागे जायची, पुन्हा समोर. म्हणजे कुणीतरी आमच्या तारेवर जोडलेलं आहे. माझा संशय खरा ठरला. बरं वाटलं आणि अंगावर काटाही आला.

१२ मार्च

कोण?

खालच्या दोन घरांचा आमच्या भिंतीशी संबंध नाही. मजल्यावर दोनच दारं. आमचं तीन, समोरचं चार. मधली भिंत सामाईक. समोरच्या दारात बाई राहतात.

बाई म्हणजे शाळेतल्या. गणित शिकवायच्या, आता निवृत्त. एकट्या. बोलणं मोजकं, चालणं ताठ, साडीला मात्र इस्त्री नाही. माझ्यासमोर राहून कधी एक साडी टाकली नाही माझ्याकडे. आणि चिकट! संध्याकाळ झाली की जिन्यात खुर्ची टाकून तिथल्या दिव्याखाली वाचत बसतात. जिन्यातला दिवा चौघांच्या पैशांवर जळतो. घरात दिवा लावायला हात आखडतो, आणि चौघांचा उजेड बरा वापरवतो.

असं माणूस वीज चोरणार नाही तर कोण चोरणार?

हे म्हणाले, "त्या? काहीतरीच काय." मग डोकं खाजवून म्हणाले, "आणि चकती एवढी हळू फिरत होती तर एवढं मोठं बिल कसं होईल?" मी म्हटलं, रात्रंदिवस फिरली तर होईल. ह्यांना हिशोब कुठे कळतो.

१३ मार्च

आठवतंय सगळं आता. आम्ही राहायला आलो त्यानंतरच्या हिवाळ्यात बाई एकदा दारात आल्या होत्या. हातात बिल. म्हणाल्या, "वहिनी, विचारू का? तुम्हाला विजेचं किती येतं?" मी सांगितलं. त्या बिलाकडे बघत राहिल्या. "मला फार येतं. एकटीच आहे, कळत नाही कसं." मला हसू आलं होतं. इस्त्रीवालीपेक्षा एकट्या बाईला जास्त येतं म्हणजे काय? मीच त्यांना काटकसर शिकवली मग. हीटर काढून ठेवा, म्हटलं. पाणी गॅसवर तापवा. एकटीला खोलीभर उजेड कशाला हवा, जिन्यात एवढा चांगला दिवा आहे.

तेव्हा भोळेपणाने बोलले. आता कळतंय, बाई बिल दाखवायला आल्या नव्हत्या, माझं किती येतं ते काढून घ्यायला आल्या होत्या. किती ओढली तरी खपेल, ते बघायला.

१५ मार्च

भिंतीला कान लावून बसले होते, ह्यांनी पकडलं. म्हणाले, "काय ऐकू येतंय?" मी म्हटलं, काही नाही. खरंच काही येत नव्हतं. रेडिओसुद्धा नाही.

१६ मार्च

कंपनीचं दुसरं पत्र. भरा, नाहीतर महिनाअखेरीला जोडणी तोडू.

दोन्हीला एकच महिनाअखेर.

१७ मार्च

बोलले. आज बोलून टाकलं.

संध्याकाळी गठ्ठा घेऊन वर येत होते. बाई जिन्यात खुर्चीवर, मांडीवर पुस्तक, खांद्यावर शाल. मला वाट द्यायला खुर्ची सरकवली. त्या सरकवण्याने माझं डोकं फिरलं, का कुणास ठाऊक. गठ्ठा खाली ठेवला आणि म्हटलं, "बाई, आमच्या मीटरवर तुमचं काय चाललंय?"

त्यांना कळेना. मी सगळं सांगितलं. बिल, मेन ओढलेलं, फिरणारी चकती. आवाज चढला माझा. खालचं कुटुंब दार उघडून उभं राहिलं. हे वरून "अगं, असू दे, आत ये" म्हणत होते. मी थांबले नाही. म्हटलं, जिन्यातला उजेड फुकट वापरता तोवर आम्ही बोललो नाही, पण घरातली वीज ओढायची म्हणजे कमाल झाली. माझा गाळा जाणार तुमच्यामुळे. शिक्षकी पेशातल्या बाईने असं करावं?

बाईंनी पुस्तक मिटलं. मला वाटलं रडतील किंवा भांडतील. दोन्ही नाही.

"तुम्हाला खात्री आहे?" एवढंच.

"डोळ्यांनी बघितलंय."

"डोळ्यांनी बघितलंत. ताळा केलात का?"

मला समजलंच नाही. त्या म्हणाल्या, "उत्तर आलं की उलटं करून तपासायचं असतं. मुलांनासुद्धा हेच सांगत आले मी." मग घरात गेल्या आणि बऱ्याच वेळाने पिशवी भरून बाहेर आल्या. "बहिणीकडे जाते आहे. रविवारी रात्री येईन. मेन खाली ओढलंय, फ्रीज रिकामा केलाय. ही घराची किल्ली. आत जा, तारा शोधा, काय बघायचं ते बघा." किल्ली माझ्या हातात ठेवली. त्यांचा हात गार होता.

पिशवी जड होती. ह्यांनी धावत जाऊन धरली, खालपर्यंत पोचवून आले. वर आल्यावर असू देसुद्धा म्हणाले नाहीत.

१८ मार्च

खालच्या मजल्यावरची म्हणाली, "चांगलं झाडलंत बाईंना. मला पण कधीपासून वाटत होतंच." तिला काय वाटत होतं देव जाणे. कालपर्यंत बाईंकडून मुलाचं गणित करून घेत होती.

१९ मार्च

हॉटेलात मोठं लग्न आहे, टेबलक्लॉथचे पाच गठ्ठे आलेत. दिवसभर दोन्ही इस्त्र्या. तारा शोधायला सवड नाही. आणि कशाला शोधू? मला खात्री आहे.

२० मार्च

गेले शेवटी बाईंच्या घरात. ह्यांना न सांगता.

मधली भिंत वरपासून खालपर्यंत चाचपली. कपाट सरकवलं, मागे कोळ्याची जाळी. तार नाही, भोक नाही, काही नाही. मग उगाच घरभर फिरले. हीटर प्लास्टिकमध्ये बांधून माळ्यावर ठेवलाय. छताला तीन दिवे, त्यातल्या दोनांत बल्बच नाही. छोटा फ्रीज, दार उघडं टाकलेलं. पलंगावर दोन गोधड्या आणि त्यावर ओव्हरकोट, हातमोजेसुद्धा. इस्त्री होती, कपाटाच्या वर, वायर गुंडाळून. वायरवर धूळ.

एवढी वीज चोरून ही बाई तिचं करते काय?

हा प्रश्न डोक्यातून जाईना. संध्याकाळी एका टेबलक्लॉथवर इस्त्रीचा तिकोनी डाग पडला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

२१ मार्च

किल्लीवाला दारात आला. म्हणाला, दुसरं एक गिऱ्हाईक आलंय, सलूनवाला. "पण तुम्हाला शब्द दिलाय. सोमवारी काय ते सांगा." मी म्हटलं, सोमवारी नक्की. चोर हाती लागलाय, कंपनी बिल मागे घेणार.

तो म्हणाला, कोण चोर? माझ्या तोंडून बाईंचं नाव निघेना. आमचं चाललंय बघणं, असं काहीतरी बोलले.

२२ मार्च

कंपनीला पुन्हा फोन. ह्या वेळी गाणं संपेपर्यंत थांबले. तीच गोड बोलणारी मुलगी. म्हटलं, शेजारीण आमची वीज घेतेय. ती म्हणाली, पुरावा लागेल. शेजारचं मेन बंद असताना आणि तुमचंही बंद असताना चकती थांबली, तर मीटरचा फोटो काढून पाठवा, लांब नंबरासकट. मग आम्ही माणूस पाठवू.

म्हणजे बाईंनी सांगितलेला तोच ताळा! बरं आहे. बाईंचं मेन बंदच आहे. उद्या रविवार, त्या परत येण्याआधी उरकते. आधी आपलं चालू असताना चकती किती पळते ते बघायचं, मग आपलं बंद करून थांबलेली बघायची. दोन फोटो. सोमवारी सकाळी पुरावा कंपनीकडे, अनामत किल्लीवाल्याकडे.

ह्यांना फोनचा कॅमेरा पुसून ठेवायला सांगितलाय.

२३ मार्च

बाईंचं मेन खालीच आहे, आधी जाऊन बघून आले. हे वर दोन्ही इस्त्र्या लावून टेबलक्लॉथ करत होते. मी खाली कपाटासमोर. तीन नंबरची चकती गच्च थांबलेली. हलेना. शेजारी बाईंचा चार नंबर गरगर फिरत होता. घराला कुलूप आणि मीटर पळतोय! जिन्यातून हाक मारली, इस्त्र्या बंद करा. चार नंबर मंदावला. लावा म्हटलं. सुटला पुन्हा.

चार आमचा आहे. पहिल्यापासून. ह्यांनी चिठ्ठ्या खरवडल्या आणि आकडे उलटे घातले. नव्या कंपनीने लांब नंबर बघून खरा मीटर वाचला, म्हणून बिल आमच्या दारात आलं. इतकी वर्षं ते बाईंच्या दारात जात होतं. माझ्या इस्त्रीचे पैसे ती बाई भरत होती, आणि मी तिला बल्ब काढून जिन्यात बसायला शिकवलं.

हे कपाटापुढे बसून राहिलेत, कपाळाला हात लावून. बाई यायची वेळ झाली. त्यांची खुर्ची जिन्यातून उचलून त्यांच्या घरात नेऊन ठेवली, बल्ब लावले, हीटर काढून जोडला, मेन वर केलं.

खाली दार वाजलं. किल्ली माझ्या मुठीत आहे. कोणत्या तोंडाने देऊ?